समान कामाचे वेतन आणि सरकारची तिजोरी

मुंबई महानगरपालिकेच्या 'एम पूर्व' विभागात गोवंडी, देवनार, मानखुर्द, ट्रॉम्बे आणि अणुशक्तीनगर हे परिसर येतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात मानव विकास निर्देशांकाच्या दृष्टीने हा विभाग शहरात तळाशी होता. सार्वजनिक पैशातून वेतन घेणाऱ्या माणसांच्या जवळजवळ सर्व श्रेणी याच विभागात एकमेकींपासून काही किलोमीटरच्या अंतरावर आढळतात. अणुशक्तीनगरच्या वसाहतीत केंद्र सरकारचे कर्मचारी राहतात आणि त्यांचे वेतन वेतन आयोग ठरवतो. महापालिकेच्या हजेरीपटावरील सफाई कामगाराला ठरलेली वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता मिळतो. त्याच रस्त्यावरचा कचरा उचलून देवनारकडे नेणारा कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या हिशेबावर असतो. शिवाजीनगर किंवा बैंगणवाडीच्या गल्लीत कुपोषित बालकांची वजने घेणारी अंगणवाडी सेविका तर कायद्याच्या भाषेत कर्मचारीच नाही. तिला वेतन मिळत नाही, 'मानधन' मिळते.

एकाच शासनव्यवस्थेसाठी काम करणाऱ्यांच्या मोबदल्यात हे अंतर का पडले आणि ते कमी करण्याच्या मागणीला प्रत्येक वेळी 'तिजोरीवरील भार' हे उत्तर का मिळत गेले, हा प्रश्न भारतीय संसदीय चर्चेत संविधान सभेपासून आहे.

संविधान सभेतील बीज

मुंबईतून संविधान सभेवर गेलेल्या हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्ये उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना स्त्रियांची भूमिका स्पष्ट केली होती. स्त्रियांना राखीव जागा किंवा विशेष सवलती नकोत. त्यांना सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या आर्थिक न्यायाचे कलमातील रूप म्हणजे अनुच्छेद ३९ (ड). स्त्री आणि पुरुष दोघांनाही समान कामासाठी समान वेतन मिळेल, अशा दिशेने राज्याने आपले धोरण आखावे, असे हा अनुच्छेद सांगतो.

परंतु तो मूलभूत हक्कांच्या भागात न येता मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आला. अनुच्छेद ३७ नुसार ही तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. नोव्हेंबर १९४८ मधील चर्चेत मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी नेमके यावरच बोट ठेवले. बँकेला शक्य होईल तेव्हा वटणाऱ्या धनादेशाची उपमा त्यांनी या तत्त्वांना दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका वेगळी होती. सत्तेवर येणाऱ्या पक्षाला या तत्त्वांचा भंग केल्याबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही. पण निवडणुकीच्या वेळी मतदारांसमोर तो द्यावाच लागेल, असे त्यांनी बजावले. समान वेतनाचा पुढील सारा इतिहास या दोन विधानांच्या मध्ये घडला आहे. धनादेश खरा आहे हे सर्वांनी मान्य केले. तो कधी वटवायचा, यावर वाद होत राहिला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या समान मोबदला करारास (क्रमांक १००) भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. या करारात 'समान मूल्याच्या कामा'चा उल्लेख आहे. देशांतर्गत कायदा होण्यास मात्र आणखी सतरा वर्षे लागली.

काटकसर आणि समता एकाच वेळी

१९७३-७४ मध्ये घाऊक किमतींची वाढ वीस टक्क्यांच्या पुढे गेली होती. दुष्काळ आणि खनिज तेलाची दरवाढ यांनी अर्थसंकल्पाचा तोल ढळला होता. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. सार्वजनिक उपक्रमांतील कामगारांच्या बरोबरीने वेतन हवे, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. सरकारने संप मोडून काढला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९७४ मध्ये, वाढीव वेतनाची संपूर्ण रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने ठेव म्हणून कापून घेणारा अध्यादेश निघाला. त्या वेळी अर्थमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. हातात पैसा कमी राहिला तर मागणी घटेल आणि भाव उतरतील, हा सरकारचा युक्तिवाद होता. महागाई कामगारांनी आणलेली नाही, मग तिची किंमत त्यांच्याच पगारातून का, हा कामगार संघटनांचा आणि विरोधी पक्षांचा प्रश्न होता.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. स्त्रियांच्या स्थितीविषयी नेमलेल्या राष्ट्रीय समितीचा 'समानतेकडे' हा अहवाल आदल्या वर्षअखेरीस तयार झाला होता. संघटित क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण घटत असल्याचे त्याने दाखवून दिले. २६ सप्टेंबर १९७५ रोजी समान मोबदला अध्यादेश जारी झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच्या आदल्याच दिवशी किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणणारा अध्यादेश निघाला होता. स्त्री-पुरुषांत समता आणणारा कायदा आणि एकूण कामगारवर्गाची मिळकत आवळणारा कायदा असे दोन्ही एका दिवसाच्या अंतराने आले. देशात आणीबाणी होती. मधू दंडवते, मधू लिमये यांच्यासारखे अर्थसंकल्पाची चिरफाड करणारे खासदार कारावासात होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये अध्यादेशाच्या जागी समान मोबदला अधिनियम आला, तेव्हा संसदेतील विरोधी बाके बरीचशी रिकामी होती.

या अधिनियमाने एकाच किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्रीला कमी मोबदला देण्यास मनाई केली. समता आणण्याच्या निमित्ताने कोणाचेही वेतन कमी करता येणार नाही, अशी तरतूदही त्यात होती. १९८७ च्या दुरुस्तीने पदोन्नती, प्रशिक्षण आणि बदली यांतील भेदभावही कायद्याच्या कक्षेत आला.

'पैसा नाही' हे उत्तर चालेल का?

या कायद्याची खरी कसोटी मुंबईतच लागली. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. कंपनीने कामगार संघटनेशी झालेल्या कराराचा दाखला दिला आणि आर्थिक स्थिती खालावल्याचेही सांगितले. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही बचाव फेटाळले. कायदा लागू होणे हे मालकाच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. सर्वांना समान देणे परवडत नाही म्हणून काहींना कमी द्यायचे, हा मार्ग कायद्याने बंद केला आहे, असा त्याचा अर्थ होता.

त्यापूर्वी, १९८२ मध्ये, दिल्ली पोलिसांतील एका चालकाच्या याचिकेवर (रणधीरसिंग विरुद्ध भारत सरकार) सर्वोच्च न्यायालयाने समान कामास समान वेतन हे संविधानाचे उद्दिष्ट असल्याचे सांगून त्याची सांगड समतेच्या मूलभूत हक्काशी घातली होती. त्यामुळे हा विषय केवळ स्त्री-पुरुषांपुरता न राहता सरकारी नोकरीतील सर्व श्रेणींना स्पर्श करू लागला.

तरीही १९७६ च्या कायद्याची एक मर्यादा मूळ रचनेतच होती. तुलना एकाच आस्थापनेतील स्त्री आणि पुरुष यांच्यातच करायची होती. ज्या कामावर सगळ्या स्त्रियाच आहेत, तेथे तुलना करायची कोणाशी? आंतरराष्ट्रीय करारातील 'समान मूल्य' हा निकष कायद्यात 'समान स्वरूप' इतका अरुंद झाला होता. ही फट पुढे फार मोठी ठरली.

वेतन आयोग: पगार वाढला, पदे घटली

केंद्रीय कर्मचाऱ्यांचे किमान वेतन पहिल्या वेतन आयोगाने (१९४७) महागाई भत्ता धरून ५५ रुपये ठरवले होते. चौथ्या आयोगानंतर (१९८६) ते ७५० रुपये, पाचव्यानंतर (१९९७) २,५५० रुपये, सहाव्यानंतर (२००८) ७,००० रुपये आणि सातव्यानंतर (२०१६) १८,००० रुपये झाले. केंद्राचा निर्णय झाला की राज्यांतील कर्मचारी बरोबरी मागतात. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवसांचा संप केला होता.

न्यायमूर्ती रत्नवेल पांडियन यांच्या पाचव्या वेतन आयोगाने वेतनवाढीबरोबर एक अटही सुचवली होती. दहा वर्षांत मनुष्यबळ ३० टक्क्यांनी कमी करावे, असे आयोगाचे म्हणणे होते. सरकारने वेतनवाढ स्वीकारली. मनुष्यबळकपात मात्र जाहीरपणे स्वीकारली नाही. राज्यांच्या तिजोऱ्यांवर या वेतनवाढीचा मोठा ताण आला. पुढे केंद्राने २००३ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचे कायदे केले. तूट मर्यादेत ठेवणे हे आता वैधानिक बंधन झाले. केंद्राने जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने चतुर्थ श्रेणीच संपुष्टात आणण्याची शिफारस केली. सेवेत असलेल्यांना प्रशिक्षण देऊन वरच्या गटात घ्यावे, असा तिचा हेतू होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. सेवेत असलेला शिपाई वरच्या गटात गेला. त्याच्या जागी झाडू हाती घेणारा पुढचा माणूस सरकारी नोकरच उरला नाही. काटकसरीने पगार कमी झाले नाहीत. पदे रिक्त राहिली, आणि त्या पदांचे काम ठेकेदारामार्फत किंवा मानधनावर करून घेतले जाऊ लागले. वेतनातील विषमतेचे नवे रूप येथे जन्मास आले.

कचरा गाडीवरील लढा

देवनारची कचराभूमी १९२७ पासून अस्तित्वात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला, तेव्हा मुंबईकरांचे लक्ष तिच्याकडे गेले. तेथवर कचरा पोहोचवणाऱ्या हातांचा प्रश्न त्याआधीपासून न्यायालयात होता.

महापालिकेच्या कायम कामगारांबरोबर हजारो कंत्राटी कामगार तेच काम करत होते. यांतील बहुसंख्य दलित समाजातील होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांनुसार मुख्य मालकाकडील कामगारासारखेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगारास तेवढेच वेतन मिळावयास हवे होते. व्यवहारात कामगाराचे नाव बदलत राहिले. कधी तो ठेकेदाराचा माणूस ठरला, तर कधी संस्थेचा 'स्वयंसेवक'. २००१ च्या पोलाद प्राधिकरण निकालाने कंत्राटी पद्धत रद्द होताच आपोआप सेवेत सामावून घेण्याचा मार्ग बंद केला. २००६ च्या उमादेवी निकालाने मागील दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्यावर निर्बंध आणले. दोन्ही निकालांचा आधार सरकारी यंत्रणांनी वारंवार घेतला.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली वेगळी वाट धरली. कंत्राट हाच बनाव आहे, कामावर नियंत्रण महापालिकेचेच आहे, हे त्यांनी औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुराव्यानिशी मांडले. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला. उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

याच सुमारास, ऑक्टोबर २०१६ मध्ये, न्यायमूर्ती जगदीशसिंग खेहर आणि न्यायमूर्ती शरद बोबडे यांच्या खंडपीठाने पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग प्रकरणी महत्त्वाचा निकाल दिला. कायम कर्मचाऱ्याइतकेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यास निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे, असे त्यात ठरले. कमी पगारावर काम करणारा माणूस राजीखुशीने ते पत्करत नाही. कुटुंबाच्या पोटासाठी तो स्वतःच्या प्रतिष्ठेची किंमत मोजत असतो, हे न्यायालयाने नमूद केले.

मानधन म्हणजे वेतन नव्हे?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी, म्हणजे समान मोबदला अध्यादेशानंतर अवघ्या सहा दिवसांनी सुरू झाली. तिचा सारा डोलारा अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्यावर उभा आहे. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या मंजूर आहेत आणि त्या चालवणाऱ्या सर्व स्त्रिया आहेत. पोषण आहार, लसीकरणास साहाय्य, बालकांची वजने, पूर्वप्राथमिक शिक्षण, गर्भवतींच्या नोंदी आणि त्यावर शासनाचे इतर अनेक सर्वेक्षण असा हा कामाचा पसारा आहे. तरी त्यांना कल्पनेतील 'मानसेवी' कार्यकर्त्या मानले गेले. अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला.

वर उल्लेखिलेली कायद्याची फट येथे दिसते. या कामावर पुरुष नाहीत, म्हणून तुलनेस पुरुष नाही. आणि मिळते ते वेतन नाही, म्हणून किमान वेतनही नाही. मूल सांभाळणे, त्याला भरवणे हे बाईचे स्वाभाविक काम, या घरातल्या समजुतीला अर्थसंकल्पात मानधनाचे शीर्ष मिळाले.

२०१३ मधील ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांतील अशा कार्यकर्त्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेच्या मानधनातील मूळ रक्कम ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाची १,५०० वरून २,२५० रुपये केली. त्यापलीकडची भर राज्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे घालायची होती. महाराष्ट्रात सप्टेंबर २०१७ मध्ये सेविकांचा दीर्घ संप झाला. त्यानंतर सेविकेचे मानधन ५,००० वरून ६,५०० रुपये करण्यात आले.

मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी सेवेस अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे 'मेस्मा', लागू केला. विधानसभेत त्यावरून गदारोळ झाला. सत्तेत सहभागी असलेल्या शिवसेनेनेच त्याला कडाडून विरोध केला. महिला व बालविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी बालकांचा आहार खंडित होऊ नये हा हेतू असल्याचे सांगितले. अखेर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना निर्णयास स्थगिती द्यावी लागली. या प्रसंगाने एक विसंगती उघड केली. जिची सेवा इतकी अत्यावश्यक की तिला संप करू देता येत नाही, तिला कर्मचारी मानण्याइतकी ती आवश्यक का नाही, या प्रश्नाचे उत्तर सभागृहात मिळाले नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना उपदान कायदा लागू होतो, असे ठरवले. मानधन या शब्दाच्या आड असलेले वेतन त्या मर्यादेत तरी ओळखले गेले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

काटकसरीची बाजू पोकळ नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हे बांधील खर्च आहेत. ते वाढले की शाळा, पाणी, रुग्णालये आणि रस्ते यांवरील भांडवली खर्चाला कात्री लागते. गोवंडीसारख्या वस्तीला कायम कर्मचाऱ्यांइतकीच जलवाहिन्यांची आणि दवाखान्यांचीही गरज आहे. कर भरणाऱ्या असंघटित कामगाराचे उत्पन्न सरकारी वेतनापेक्षा कितीतरी कमी असते, हाही मुद्दा आहेच.

समतेच्या बाजूचे उत्तर असे की, काटकसरीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वरच्या श्रेणींना आयोगाचे संरक्षण असते. सारी बचत तळाच्या श्रेणीतून होते. तळाशी प्रामुख्याने स्त्रिया आणि दलित असल्याने कागदावर तटस्थ दिसणारी काटकसर प्रत्यक्षात भेदभाव ठरते. शिवाय ठेकेदाराचा नफा आणि वर्षानुवर्षे चालणारे खटले हेही खर्चच आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाह्य यंत्रणांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला आणि जनक्षोभामुळे पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. दोन्ही बाजूंतील ताण किती तीव्र आहे, हे त्यावरून दिसले.

नवी संहिता, नवा आयोग

वेतन संहिता ३० जुलै २०१९ रोजी लोकसभेत आणि २ ऑगस्ट रोजी राज्यसभेत संमत झाली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९७६ चा समान मोबदला अधिनियम इतिहासजमा झाला. संहितेने लिंगभावावरून वेतनात भेदभाव करण्यास मनाई केली आणि किमान वेतनाची व्याप्ती वाढवली. मात्र तुलनेचा निकष 'एकाच आस्थापनेतील समान स्वरूपाचे काम' हाच राहिला. समान मूल्याचा निकष, ज्याला भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली, तो अजून कायद्याबाहेरच आहे.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. त्याच्या अध्यक्षपदी मुंबई उच्च न्यायालयात कारकीर्द घडलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. शिफारशी करताना देशाची आर्थिक स्थिती आणि वित्तीय शिस्त विचारात घ्यावी, असे कार्यकक्षेत नमूद आहे. कंत्राटी आणि मानधनी मनुष्यबळ मात्र वेतन आयोगांच्या चौकटीबाहेर राहत आले आहे.

त्याआधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, धरमसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक चणचणीच्या सबबीचा परामर्श घेतला. सार्वजनिक धोरणात चणचणीला स्थान आहे. पण न्याय्य वागणूक आणि कायदेशीर रीतीने काम करून घेण्याचे कर्तव्य यांवर मात करणारा तो ताईत नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मॅकिनन मॅकेन्झी निकालात खासगी कंपनीला जे सांगितले गेले होते, त्याच अर्थाचे बोल अडतीस वर्षांनी राज्यसंस्थेला ऐकावे लागले.

न्यायालयाचा निकाल त्या खटल्यातील कामगारांपुरता दिलासा देतो. उर्वरितांसाठी तरतूद अर्थसंकल्पातच करावी लागते आणि अर्थसंकल्प संसद व विधिमंडळ संमत करतात. प्रा. शहा यांनी ज्याविषयी शंका घेतली होती तो धनादेश गोवंडीतील अंगणवाडीच्या आणि कचरा गाडीवरील कामगाराच्या नावे आजही काढलेला आहे. तो वटवण्याचा अधिकार डॉ. आंबेडकरांनी सांगितल्याप्रमाणे अखेर मतदारांना जबाबदार असलेल्या सभागृहांकडेच आहे.